ऐकणाऱ्याची भर

आकडा कानात टिकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये तारापूर औद्योगिक क्षेत्राला प्रदूषण निर्देशांकावर ९३.६९ गुण दिले. देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत प्रदूषणात पहिला नंबर. छापील पानावर हा आकडा डोळ्यांत भरतो, रेडिओवर मात्र पुढच्या वाक्याआधीच विरतो. म्हणून मी आधी माणसाचा आवाज शोधते.

तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी जिथे पाइपलाइनने समुद्रात जातं त्या नवापूरला, माझ्या रेडिओ कार्यक्रमाच्या एका भागात एक तांडेल बोलले होते. पूर्वी किनाऱ्यालगत मिळणाऱ्या मासळीसाठी आता डिझेल जाळून लांब आत जावं लागतं, म्हणाले. तो भाग मी तिथल्याच एका अंगणात लावला. पुरुष माना डोलावत होते. बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून सुकवायच्या वलांडीवर टाकणाऱ्या मावशी हात न थांबवता म्हणाल्या, “डिझेलचं सांगितलंत, बरं केलंत. पण गिऱ्हाईक मासळी नाकाला लावतं आणि पाटीत परत टाकतं, ते कोण सांगणार?”

पुढचा भाग त्यांचाच झाला.

‘छान झाला’पेक्षा ‘हे राहिलं’ ही दाद मला मोलाची वाटते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली. लोक एकत्र बसून ऐकत, चर्चा करत, प्रश्न केंद्राला कळवत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्या पाहणीत मंडळं नसलेल्या गावांपेक्षा तिथल्या लोकांची माहिती कितीतरी जास्त वाढलेली दिसली. चारचौघांत ऐकलं की वाद होतो, आणि मनात दडलेलं बाहेर येतं.

औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या बोईसरला तांडेलांचा तोच भाग वेगळा ऐकला जातो. रात्रपाळीहून आलेले कामगार खोलीत मोबाईलवर ऐकतात आणि गप्प राहतात. त्यांना उदासीन म्हणणं अन्यायाचं आहे. गावी पाठवायचा पैसा त्याच चिमणीखालून येतो. माइक बंद केल्यावर एकाने विचारलं, “समुद्राचं झालं. आम्ही आत जे हुंगतो त्याचं काय?” नाव नको, आवाजही ओळखू येता कामा नये, या अटीवर तो बोलायला तयार आहे. त्याचे प्रश्न मी कामगारांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवणार आहे, आणि तो भाग आधी नवापूरला ऐकवणार आहे. मच्छीमारांनी या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली तेव्हापासून किनारा आणि कारखाना समोरासमोर उभे आहेत. कारखान्यातल्या कामगाराचं म्हणणं त्या अंगणात अजून कुणी ऐकवलेलं नाही.