बिलावरचे नाव

माणूस गेला की त्याचे नाव घरातून हळूहळू नाहीसे होते. आधी दारावरची पाटी उतरते, मग रेशनकार्डावर रेघ ओढली जाते आणि काही वर्षांनी नातवंडे फोटोकडे बोट दाखवून "हे कोण?" असे विचारू लागतात. पण एका ठिकाणी ते नाव अमर राहते. ते म्हणजे विजेचे बिल. आमचे आबा 2014 साली गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. त्यानंतरही आबांच्या नावाने दर महिन्याला बिल येत होते आणि आम्ही ते भरत होतो. बाप गेल्यावरही उजेड त्याच्याच नावाने येतो, यात केवढे काव्य आहे, असे मी माझ्या एका कादंबरीत लिहूनही टाकले होते. त्या काव्याची किंमत मला पुढे थकबाकीसह भरावी लागली.

सांगलीच्या गणपती पेठेत आबांनी बांधलेली एक दुमजली इमारत आहे. खाली तीन दुकाने. एक बाइंडरकाकांचे, एक शिंप्याचे, एक मसाला कांडून देणाऱ्याचे. वर एका वकिलांची कचेरी आणि टायपिंगचा क्लास. या इमारतीच्या भाड्यावर आम्ही तिघे भावंडे शिकलो. दादा पदवीधर झाला, अक्का बारावी झाली आणि मी आबांच्या भाषेत 'मॅट्रिक' होऊन थांबलो. यात इमारतीचा काही दोष नाही.

2019 च्या ऑगस्टात कृष्णामाई आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली. सांगलीकर नदीची उंची मोजतो ती या 1929 सालच्या पुलाने, आणि तिथे धोक्याची पातळी आहे 45 फुटांची. आमची दुकाने पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही घमेल्यांनी गाळ उपसला, भाडेकरूंनी पुन्हा संसार मांडले. पण 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. एकेक जण विश्रामबागेकडे निघून गेला. दादा म्हणाला, "विकून टाकू." मी म्हणालो, "आबांची आहे, राहू दे." यावर आमचे बरेच बोलणे झाले आणि त्यानंतर आमचे बोलणेच थांबले.

रिकाम्या इमारतीचे बिल थोरल्याने भरावे असे मला वाटे. ज्याला ती ठेवायची हौस आहे त्याने भरावे असे दादाला वाटे. वीज न जाळताही बिलात स्थिर आकार येतच असतो, तो साचत गेला. वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असे 2003 च्या वीज कायद्यात आहे. ती रीतसर आली. कुणीतरी ती शटरच्या फटीतून आत सरकवली आणि आम्ही शटर उघडलेच नाही. मग वीज गेली. पाठोपाठ पाणीपट्टीपायी नळही गेला.

2023 च्या गणपतीत बाइंडरकाका घरी आले. आरती झाली, प्रसाद घेतला आणि ते हळूच म्हणाले, "मास्तर, तिकडचं भाडं काही झेपत नाही बघा. दसऱ्यापातूर लाईट-पाणी करून द्या, मी परत येतो. लक्ष्मीपूजनाच्या चोपड्या बांधायच्या म्हणजे कटिंग मशीनला लाईट पाहिजे आणि खळ करायला पाणी."

दसऱ्याला महिना होता. एका जोडणीला महिना म्हणजे रग्गड, असे मला वाटले. ज्याने कधी जोडणी मागितलेली नाही, त्यालाच असे वाटते.

विजेच्या कचेरीत माझा एखादा जुना विद्यार्थी भेटेल अशी आशा होती. भेटलाही, पण तो रांगेत माझ्या मागे उभा होता. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले, "मीटर कुणाच्या नावावर?"

"आबांच्या. म्हणजे वडलांच्या."

"ते कुठं असतात?"

मी वर बोट दाखवले. त्यांनी वरच्या पंख्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मृत्यूचा दाखला आणा. आणि जागा आता तुमची असल्याचा कागद आणा."

तो कागद शोधत मी पालिकेत गेलो, तर नळही आबांच्याच नावे आणि घरपट्टीही आबांच्याच नावे. तिथून नगर भूमापन कचेरीत गेलो, तर मालमत्ता पत्रकावरही आबाच. घरातून आम्ही ज्यांना नऊ वर्षांपूर्वी निरोप दिला होता, ते कचेरीकचेरीतून ठणठणीत होते. त्यांना तिथून हलवायचे तर वारसनोंद हवी, आणि वारसनोंदीला वारसांच्या यादीसह प्रतिज्ञापत्र हवे. मी ते त्याच संध्याकाळी करून घेतले. अक्षर चांगले असल्याचा मला अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी ते वाचले. चष्म्यावरून पाहत त्या म्हणाल्या, "वारस दोघंच?"

"हो. मी आणि माझे थोरले बंधू."

"बहीण नाही?"

"आहे की. इचलकरंजीला दिलीय."

"दिलीय म्हणजे वारस नाही?"

"तसं नाही हो, पण तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली."

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, लग्नानं आडनाव बदलतं, वडील बदलत नाहीत. मुलीला मुलाइतकाच हिस्सा असल्याचा कायदा 1956 चा आहे. हे तुम्ही शपथेवर लिहिलंय, परत घेऊन जा."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. वाचकहो, माझ्या दोन कादंबऱ्यांच्या नायिका अन्याय सोसतात आणि त्यांच्यासाठी रडल्याची पत्रे मला आलेली आहेत. खोटे लिहावे असे माझ्या मनातही नव्हते. मला अक्का आठवलीच नव्हती, एवढेच. विचार करता करता मला वाटू लागले की, मुद्दाम खोटे लिहिले असते तर ते बरे होते.

आता दादाकडे जाणे भाग होते. दोन वर्षांनी त्याच्या घरची पायरी चढलो. त्याच्याजवळ एक युक्ती होती. नव्या नावाने जोडणी मागायची, म्हणजे जुनी थकबाकी आबांबरोबर गेली! पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी ती तिथल्या तिथे मोडली. जुनी थकबाकी भरल्याखेरीज नवी जोडणी नाही, अशी अट वीज कंपनी घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात सांगितले होते. मग दादाने दुसरा कागद काढून दिला. "हे हक्कसोडपत्र. संमतीबरोबर यावरही सही घेऊन ये. अक्का काय नाही म्हणणार आहे का?"

मी दोन्ही कागद पिशवीत घातले आणि इचलकरंजीची एसटी धरली.

अक्काच्या घरामागे चार माग आहेत. बोलताना त्यांची खटखट मध्ये येते, म्हणून तिच्या घरात सगळेच थोडे मोठ्याने बोलतात. तिने पोहे केले, चहा केला आणि कागद हातात घेतले. मागांची बिले तीच पाहते. स्थिर आकार, युनिट, व्याज हे शब्द तिला समजावून सांगावे लागले नाहीत. "किती थकलंय?" तिने विचारले. मी आकडा सांगितला. संमतीपत्र तिने नीट वाचले आणि सही केली. दुसरा कागद वाचून त्याची होती तशी घडी घातली.

"हे दादानं दिलं?"

"हो."

"आणि तू घेऊन आलास."

मी पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिलो.

"पुराच्या साली गाळ काढायला मी चार दिवस येऊन राहिले होते. तेव्हा घमेलं देताना तुम्ही विचारलं नाही, ही वारस आहे का म्हणून." ती मोठ्याने बोलत होती, पण ते मागांमुळे. "भाडं मी कधी मागितलं नाही. पुढंही भांडायला येणार नाही. पण सही करून आबांच्या घरातनं बाहेर जायची नाही मी. लाईट घ्या, नळ घ्या. सगळ्या कागदांवर नावं मात्र तिघांची लागतील."

मग ती आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. "हिस्सा ठेवायचा तर थकबाकीपण माझी. तिसरा भाग आहे, मोजून घे."

मी ते पाकीट दादासमोर ठेवले, तेव्हा तो आधी संतापला. "म्हणजे ती आता हिस्सा मागणार!"

"मागितला नाही," मी म्हणालो, "तिनं हिस्सा दिलाय. तुझा आणि माझा अजून भरायचा आहे."

दादा बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिला. हक्कसोडपत्राचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पुढचे काम कचेऱ्यांच्या गतीने झाले. परवानाधारक कंत्राटदार आला. भिंतीतल्या नळ्यांमधून त्याने पुराचा वाळलेला गाळ काढला, सगळ्या तारा बदलल्या आणि अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला. इमारतीची दृष्टच काढतो आहे असे वाटले. 2019 च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते. मीटरचा बोर्ड त्या रेघेच्याही वर बसवला.

शेवटी प्रश्न उरला नावाचा. बिलावर एकच नाव घालू, असे कचेरीने सांगितले. माझे नाव दादाला चालेना आणि दादाचे मला. आम्ही दोघे त्या खिडकीसमोर उभे राहून एकमेकांकडे पाहत होतो आणि मागे रांग वाढत होती. मग आम्ही जवळजवळ एकदमच म्हणालो, "अक्काचं घाला."

दसरा हुकला. बाइंडरकाकांनी निम्म्या चोपड्या विश्रामबागेतच हाताने कापल्या. वसुबारसेच्या आदल्या दिवशी गणपती पेठेत दिवा लागला आणि नळाला पाणी आले. काका मशीन सुरू करून नुसतेच त्याचा आवाज ऐकत उभे राहिले. उरलेल्या चोपड्या तिथे पुऱ्या झाल्या.

भाऊबिजेला दादा आणि मी एकाच एसटीने इचलकरंजीला गेलो. अक्काने दोघांना ओवाळले. दादाने तबकात नोट ठेवली आणि पाठोपाठ नव्या मीटरची पावती ठेवली. तीवर अक्काचे नाव होते, सासरच्या आडनावासकट.

"तुझ्या नावचं मीटर आहे," तो म्हणाला. "बिल आलं की भरत जा."

अक्काने पावती उचलून दिव्याच्या उजेडात वाचली. "भरीन की," ती म्हणाली. "भाड्यातनं."