माशांचा सव्वा महिना

इंदूरसारख्या गावात खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "समुद्राचं पाणी आणता कुठून?" आणि दुसरा, नवा मासा आणल्याची बातमी कळून कोणी बघायला आलं की, "अहो, पण आणलेला मासा आहे कुठे?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नळाला नर्मदेचं पाणी येतं. ते आरओमधून काढायचं आणि लिटरमागे साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ विरघळवायचं. हे मीठ स्वयंपाकातलं नव्हे; त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्रातल्या प्रमाणात असतं. बाबा पाहुण्यांना सांगतात, "नर्मदा भरुचच्या पुढे समुद्राला मिळते, आमच्याकडे ती दिवाणखान्यातच मिळते."

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. नवा मासा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, वेगळ्या टँकमध्ये असतो आणि तिथे तो साधारण दोन महिने राहतो. आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरांत मुलांनी खाऱ्या पाण्याचा टँक लावायचं मनावर घेतलंय असं कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्या खालच्या टँकमध्ये क्लाउनफिशची एक जोडी आहे. बाबांनी निवृत्त झाल्यावर, 2015 मध्ये आणलेली. 'फाइंडिंग निमो' पाहिलेल्यांना हा नारिंगी-पांढरा मासा ओळखीचा असेल. आईने मोठ्या मादीचं नाव ठेवलं काकू आणि लहान नराचं काका. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, आणि मादी गेली तर राहिलेला नरच पुढे मादी बनतो. म्हणजे काकू गेल्या तर काकाच काकू होणार! नीट सांभाळलं तर हे मासे वीस वर्षंही जगतात. माझी लेक या जोडीपेक्षा लहान आहे. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती काकूंना हाक मारते. नवा मासा आणायचा म्हणजे या दोघांचा जीव पणाला लावायचा, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप पटतात.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा सगळ्यात ओळखीचा शत्रू म्हणजे मरीन इक. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा एकपेशीय परजीवी. माशाच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, ते याचेच. तो कातडीखाली बसून तीन ते सात दिवस माशावर पोसतो, मग गळून पडतो आणि काचेवर, दगडावर किंवा तळाशी कोष करतो. त्या कोषातून पुष्कळ पिल्लं बाहेर पडतात आणि पोहत पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

गोची अशी, की ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला असं वाटतं. खरं तर परजीवी खाली उतरून कुटुंब वाढवत असतो. काही कोष 72 दिवसांपर्यंत टिकल्याची शास्त्रीय नोंद आहे. म्हणून इक एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की हौशी मंडळी तिथले सगळे मासे बाहेर काढतात आणि 76 दिवस तो टँक माशांविना ठेवतात. व्हेल्व्हेट नावाचा दुसरा रोग तर याहून वाईट. त्यात अंगावर बारीक भुकटीसारखा थर दिसतो, मासा धापा टाकतो आणि दोन-तीन दिवसांत टँक रिकामा होऊ शकतो.

मग औषध थेट मोठ्या टँकमध्येच का टाकू नये? कारण औषध आहे तांबं. माझ्या आईचा तांब्यावर गाढ विश्वास. रात्री तांब्याच्या भांड्यात भरलेलं पाणी सकाळी प्यायचं, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. "तांबं चांगलंच असतं की!" ती म्हणाली. माशाला ते ठरावीक मर्यादेपर्यंत सोसतं. पण कोळंबी, शंख आणि बिनकण्याचे बहुतेक जीव अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात. म्हणून औषधाचा टँक वेगळाच हवा. आणि मोठ्या टँकमध्ये तांब्याच्या लोट्याने पाणी ओतायचं नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवावं.

आमचा वरचा टँक तीन फुटी आहे. तळाला वाळू नाही, दगड नाहीत. लपायला नळ जोडायचे पीव्हीसीचे एल्बो, एक स्पंज फिल्टर, हीटर आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. स्पंज आधी महिनाभर मोठ्या टँकच्या मागच्या कप्प्यात ठेवायचा, म्हणजे माशाच्या मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वस्ती करतात. तोच स्पंज मग वर न्यायचा. अलगीकरणात मासे रोगाने मरतात त्याहून जास्त अमोनियाने मरतात, असं जुनी हौशी मंडळी सांगतात ते उगाच नाही.

गेल्या फेब्रुवारीत मुंबईहून रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यात दोन मासे आले. एक पावडर ब्लू टँग, आपल्या हिंदी महासागरातलाच, आकाशी अंगाचा आणि पिवळ्या परांचा. दुसरा कॉपरबँड बटरफ्लाय, लांब चोचीचा, अंगावर नारिंगी पट्टे. दोघेही दिसायला निरोगी होते. पण दुकानातल्या दिसण्यावर जाऊ नये. काही दुकानांत पाण्यात सतत थोडं तांबं ठेवतात. त्याने रोग मरत नाही, दबून राहतो.

लेकीला ते लगेच काकूंजवळ सोडायचे होते. "पप्पा, त्यांनी काय केलंय? त्यांना जेलमध्ये का टाकलं?" मी सांगायच्या आधी आईच म्हणाली, "जेल नव्हे गं, बाळंतिणीची खोली आहे ती. तुझी आई तुला घेऊन सव्वा महिना अशीच एका खोलीत होती. कोणी आलं तरी लांबूनच बघायचं."

मला ते फार पटलं. क्वारंटाइन हा शब्द चाळीस या आकड्यावरून आला. दुब्रोव्हनिक बंदरात 1377 मध्ये बाहेरून आलेल्या माणसांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम झाला, पुढे व्हेनिसमध्ये त्याचे चाळीस दिवस झाले. आपला सव्वा महिना त्याच्या जवळपासच येतो. फरक भावनेचा आहे. आपल्याकडे वाळीत टाकणंही होतं आणि बाळंतिणीची खोलीही होती. दोन्हींत माणूस वेगळाच, पण एकात दार कायमचं बंद, तर दुसऱ्यात आतल्याची काळजी घ्यायला ते दिवसातून दहा वेळा उघडतं. आमच्या घरात तीच वरची खोली एप्रिल 2021 मध्ये बाबांची होती. बारा दिवस आई दाराबाहेर ताट ठेवून दोन पावलं मागे व्हायची आणि तिथूनच "भात संपवा" असं दटावायची. बाबा बरे होऊन खाली आले. आता ते रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन वरच्या टँकसमोर बसतात. "एकट्याला कोणी नुसतं बघायला आलं तरी बरं वाटतं," म्हणतात.

पाचव्या दिवशी बाबांनाच टँगच्या परांवर ठिपके दिसले. मग तांबं सुरू केलं, तेही हळूहळू, तीन दिवसांत चढवत. आम्ही चिलेटेड प्रकारचं वापरतो. त्याची पातळी लिटरला दोन ते अडीच मिलिग्रॅम ठेवावी लागते. दुसऱ्या प्रकारांची मात्रा याहून पुष्कळ कमी असते, म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये. रोज संध्याकाळी टेस्ट किटने मोजायचं. मात्रा कमी पडली तर परजीवी जगतो, जास्त झाली तर मासा मरतो. तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्या किंवा कोषातल्या परजीवीला नाही. म्हणून ठिपके गेले तरी पूर्ण पातळीवर तीस दिवस थांबायचं. पाणी बदललं की नव्या पाण्यापुरतं औषध मोजून घालायचं. कार्बन लावायचा नाही, तो औषध शोषतो. आणि अमोनिया कमी करणारी रसायनं तांब्याबरोबर वापरायची नाहीत, त्याने तांबं जास्त विषारी होऊ शकतं.

टँगने दुसऱ्याच दिवशी समुद्री शेवाळाची पत्री खाल्ली. कॉपरबँडने मात्र काहीच खाल्लं नाही. मायसिस झालं, जिवंत आर्टेमिया झालं. तो जवळ यायचा, बघायचा आणि वळायचा. अकराव्या दिवशी सकाळी तो तळाला होता. लेक खूप रडली. रात्री तिने विचारलं, "खाली दगडांत सोडला असता तर तो जगला असता का?"

कदाचित जगला असता. कॉपरबँड दगडांच्या फटींतले किडे टिपून खातो, आणि उघडाबोडका टँक व औषधाचं पाणी त्याला मानवत नाही हे खरं आहे. अलगीकरण नको म्हणणारे लोक हाच मुद्दा मांडतात, आणि तो खोटा नाही. पण टँगबरोबर एकाच पाण्यात असलेला तो मासा इक घेऊनच खाली गेला असता. मी तिला एवढंच सांगितलं, की वर एक गेला. खाली कोण कोण गेलं असतं हे आपण मोजू शकत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग काकूंना बघायला खाली गेली.

तीस दिवस पुरे झाल्यावर कार्बनने तांबं काढलं, अंगावरच्या व कल्ल्यांतल्या कृमींसाठी प्राझिक्वांटेलचे आठवड्याच्या अंतराने दोन डोस दिले आणि शेवटचे काही दिवस नुसतं पाहिलं. सव्वा महिन्याचे दोन महिने झाले. एप्रिलमध्ये टँग खाली गेला. काकूंनी त्याला पहिल्याच दिवशी कोपऱ्यात पिटाळलं. आता त्यांचं जमलंय.

ज्यांना टँक लावायचा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिला मासा घ्यायच्या आधी दुसरा टँक घ्या. समुद्रघोडे आणि जिवंत पोवळी घेऊ नका. आपल्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहेत. औषधाचं पाणी कुंडीत ओतू नका, तुळशीला खारं पाणी तसंही चालत नाही. आणि माशांची औषधं चिठ्ठी लावून कुलपात ठेवा. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात टँकसाठी आणलेलं क्लोरोक्विन करोनावरचा उपाय म्हणून घेतल्याने एक माणूस दगावला होता.

कोणाला वरचा टँक बघायचा असेल तर जरूर या. सध्या तो रिकामा आहे, पण स्पंज खालच्या टँकमध्ये तयार होतोय. लेकीला पुन्हा कॉपरबँड हवाय, आणि या वेळी दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी खाताना पाहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही, हे तिनेच ठरवलंय.