मंजूर रक्कम आणि आपली ऐपत

पगारदार माणसाच्या मोबाईलवर हल्ली नातेवाइकांपेक्षा बँकेचे संदेश जास्त येतात. "अभिनंदन! आपल्यासाठी २० लाखांचे कार लोन प्री-अप्रूव्हड आहे. कागदपत्रांची गरज नाही." आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक असल्यामुळे असे संदेश आमच्या घरात दोन मोबाईलवर येतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने मागच्या उन्हाळ्यात दोन्ही रकमांची बेरीज केली आणि दस्तरखानावरच जाहीर केले, "अब्बा, आपण पस्तीस लाखांची गाडी घेऊ शकतो!"

गाडीची गरज होती, हे खरे. अम्मींचे गुडघे गेलेले. रिक्षात चढताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई. मुलगी बारावीत, तिचे नीटचे क्लासेस शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न नव्हता. कोणती घ्यावी आणि कुणाच्या पैशाने, हा होता.

आधी हे 'प्री-अप्रूव्हड' म्हणजे काय, ते समजून घेतले. दर महिन्याला खात्यात किती पगार येतो, आधीचे हप्ते किती जातात, सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर कुठे आहे, एवढे पाहून बँक एक आकडा काढते. या माणसाकडून हप्ते वसूल होतील का, या प्रश्नाचे ते उत्तर असते. मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला तर फी कुठून येणार, अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन कधी करायचे, हे बँकेने विचारलेले नसते, आणि विचारणे तिचे कामही नाही. शिवाय ही मंजुरी अंतिमही नसते. जुनी गाडी घ्यायची तर बँकेचा माणूस तिची किंमत ठरवतो आणि कर्ज त्या किमतीवर मिळते, विकणारा सांगेल त्या किमतीवर नाही. चार ठिकाणी अर्ज केले तर त्या चारही चौकशा सिबिलच्या अहवालात नोंदल्या जातात.

भाच्याचे म्हणणे वेगळे होते. "मामू, नवी साधी गाडी घेण्यापेक्षा त्याच पैशात सात-आठ वर्षांची मर्सिडीज येते. इज्जतही वाढते." आमच्या शहराला मर्सिडीजचे अप्रूप जुनेच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्यांची खरेदी झाली होती. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्यांपैकी बऱ्याच गाड्या बँकेच्या कर्जावरच होत्या, पण घेणारे बहुतेक उद्योजक आणि व्यापारी. पगारदार शिक्षकाने त्यांचे पाहून गणित मांडू नये. त्या गाड्याही आता पंधरा वर्षांच्या झाल्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते.

तरी मुलाचे मन राखायला आम्ही तीन-चार रविवार गाड्या पाहिल्या. जालना रोडवर पाहिल्या, पुण्यालाही जाऊन आलो. जुन्या आलिशान गाडीचे रहस्य आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांनी एका वाक्यात सांगितले : "गाडी जुनी होते, तिचे पार्ट जुने होत नाहीत." म्हणजे असे : पन्नास लाखांची गाडी काही वर्षांत पंधरा लाखांना मिळते. विम्याच्या हिशेबातही चार वर्षे ओलांडलेली गाडी निम्म्या किमतीची धरतात. पण तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन हे सगळे पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागते. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झाले तरी ते थोडे अंतर चालतात, पण चार बदलायचे म्हटले तर चाचांच्या अंदाजाने साठ-सत्तर हजार. विकत घेणारा पंधरा लाखांचा आणि खर्च पन्नास लाखवाल्याचा, अशी ती गत.

ज्यांना अशी गाडी घ्यायचीच आहे आणि परवडतेही, त्यांच्यासाठी चाचांनी दिलेली शिकवणी इथे लिहून ठेवतो. इंजिन थंड असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा सुरू होताना गाडी पाहावी. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जावे. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास तपासून घ्यावा आणि किलोमीटरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. आरसी बुकावर गाडीचा मालक कितवा आहे, बँकेचा बोजा आहे का, चलने थकली आहेत का, हे पाहावे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर जरा थांबावे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला होता. तेव्हापासून नऊ-नऊ वर्षांच्या गाड्या तिथून बाहेरच्या राज्यांत येतात. अशी गाडी इथे नोंदवताना महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो आणि तिकडच्या कराचा परतावा मागत बसावे लागते. स्वस्ताई तिथेच संपते.

मग एके रात्री आम्ही मुलालाच कागद-पेन घेऊन बसवले. पंधरा लाखांचे कर्ज, बारा टक्के व्याज, सात वर्षे. हप्ता निघाला सुमारे २६,५०० रुपये. एकूण परतफेड २२ लाख २४ हजार, म्हणजे व्याजच सव्वासात लाखांच्या घरात. मुलाने स्वतःच विचारले, "आणि सात वर्षांनी गाडी किती वर्षांची?" पंधरा वर्षांची. तोवर त्याची बहीण डॉक्टर झालेली असेल, इन्शाअल्लाह, आणि आमचे हप्ते नुकतेच संपलेले असतील.

घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती सूदवर. राहत्या घरासाठी काढलेल्या कर्जाला लोक मजबुरी म्हणतात. त्यावर आलिमांचीही वेगवेगळी मते ऐकायला मिळतात. त्या वादात आम्ही पडत नाही. पण शेजाऱ्यांनी वळून पाहावे म्हणून सव्वासात लाख सूद भरला, याला मजबुरी म्हणायला आमची जीभ वळेना. आपल्याकडे जनाज्याच्या वेळी घरातला माणूस उभा राहून सांगतो की मरहूमांकडे कुणाचे येणे असेल तर आमच्याकडून घ्यावे. ते शब्द उद्या आमच्या मुलाला उच्चारावे लागतील. त्यात एका चैनीच्या गाडीचे हप्ते असावेत का?

निकाल मात्र अम्मींनीच लावला. पुण्याहून एक ओळखीचे गृहस्थ आपली लांबलचक काळी गाडी घेऊन आले होते. अम्मींना हौसेने आत बसवले. बसल्या खऱ्या, पण सीट जमिनीलगत. उतरताना दोघांनी धरून उठवावे लागले. त्या म्हणाल्या, "बेटा, मोटार बादशाही आहे, पण मला यातून रोज कोण काढणार?" ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांनाच ती चढता येत नव्हती.

शेवटी पाच वर्षांची, एका मालकाने वापरलेली वॅगन आर घेतली. सव्वाचार लाखांना. सीट उंच, दार मोठे, अम्मी कुणाचा हात न धरता बसतात. साठवलेले पैसे होते, भिशी लागली, आणि एक लाख धाकट्या भावाने कर्ज-ए-हसना म्हणून दिले. त्याचा कागद करताना भावजय म्हणाली, "भावाभावांत कागद कशाला?" कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे तिला सांगितले. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि मगच पैसे घेतले.

ज्यांना बँकेचे कर्ज घेणे भाग आहे, त्यांनीही हा लिहिण्याचा हक्क सोडू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक नव्या कर्जाचे 'मुख्य तथ्य विवरणपत्र' कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून वर्षाला खरा दर किती पडतो, तो त्यात लिहिलेला असतो. ते मराठीत मागा, घरी आणा, मुलांसमोर वाचा, मगच सही करा. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड किती, तेही त्यातच शोधा.

भावाच्या कर्जाचे आता चार हप्ते राहिले आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला मुलगाच वॅगन आर घेऊन चाचाकडे जातो, दहा हजार देतो आणि त्या कागदाच्या मागे तारीख व रक्कम लिहून चाचाची सही घेऊन येतो.