कागदाचा पांढरा

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी आटोपली. दारातली रांगोळी पुसली, पण जांभळा रंग फरशीच्या सांध्यात बसलाय तो बसलाच.

भाऊबीजेला इंदोऱ्याला दादाकडे गेले होते. वहिनीचा हात भाजला होता म्हणून चकल्या मीच पाडल्या, मीच तळल्या. पंगतीत एका काकूंनी ताटातली चकली हळूच पोळीखाली सरकवली. कुणाला दिसू नये अशीच सरकवली, पण वाढणारीला दिसतंच. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे काकूंना ठाऊक नसेल असं नाही. त्यांच्या घरी औषधांचं दुकान आहे. माझ्या बोटांवर पहिला डाग आला त्याला चौदा वर्षं झाली. अशी ताटं पुष्कळ पाहिली. तरी त्या रात्री मेट्रोत उज्ज्वल नगर येईपर्यंत दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले होते. डबा जवळजवळ रिकामा होता.

आज सीताबर्डीला जाऊन रंग आणले. कॅमलच्या बारा ट्यूबा, आठ नंबरचा गोल ब्रश, तीनशे जीएसएमचे चार कागद. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का, ताई?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा म्हटलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सोमलवाड्यातले सर निवृत्त ड्रॉइंग शिक्षक. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये शिकवणी घेतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या की मुलं पांगतात, म्हणून सध्या त्यांना वेळ आहे. त्यांनी विचारलं, "शाळेत परीक्षा दिली होती का?" दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन, सगळे पेपर आठवतात. 'सी' ग्रेड आली. बाईंनी भर वर्गात सांगितलं, हिच्या हाताला वळण नाही. त्यानंतर या हाताने ऑफिसातल्या नोंदी केल्या, किराण्याच्या याद्या केल्या, चित्र काढलं नाही.

खडूंच्या पेटीत तेव्हा एक 'स्किन कलर' असायचा. फिकट गुलाबी. वर्गातल्या एकाही पोरीच्या कातडीचा तो रंग नव्हता, तरी चित्रातल्या सगळ्या माणसांना आम्ही तोच फासायचो. माझ्या मनगटावरचा डाग नेमका त्या खडूच्या रंगाचा आहे. हे आज लक्षात आलं आणि मनगटाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. एरवी पाहत नाही.

सरांनी आपल्याकडच्या कातडीचा रंग कालवायला शिकवला. यलो ऑकर, त्यात बर्न्ट सिएना, क्रिमझनचं नुसतं टोक. सावली हवी तिथे अल्ट्रामरीनचा एक थेंब. काळा अजिबात घालायचा नाही, काळ्याने रंग मरतो. मग मी विचारलं, "सर, पांढरा कुठे घालायचा?" ते म्हणाले, "जलरंगात पांढरा लावायचा नसतो. कागद राखायचा. ती पांढरी ट्यूब पेटीतून काढून ठेवा, तिची सवय लागते."

३० ऑक्टोबर, गुरुवार

ऑडिट. रात्री साडेनऊला घरी. रंगांना हात लावला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज वासुदेव गायतोंडे यांचा जन्मदिवस. २ नोव्हेंबर १९२४, जन्मगाव नागपूर. घराणं गोव्याचं, पुढे मुंबई, १९४८ साली जे. जे.ची पदविका, मग दिल्ली. त्यांच्या आयुष्यात नागपूरचा वाटा जन्मापुरताच असेल, तरी मला ते आपल्या गावचे वाटतात. लिलावातले कोटींचे आकडे पेपरात येतात तेव्हा ऑफिसात लोक विचारतात, "यात काढलंय काय?" माणूस नाही, झाड नाही, घर नाही. खरं तर तिथे बघायला भरपूर आहे, फक्त बघत बसावं लागतं. मी त्यांचं चित्र छापलेलंच पाहिलंय. एकदा मूळ चित्रासमोर उभं राहायचं आहे.

मला ओढ आहे ती १९८४ नंतरच्या गायतोंड्यांची. तोवर ते रोलरने आणि पॅलेट नाइफने मोठ्या कॅनव्हासवर रंगांचे थर चढवायचे, काढायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. त्या वर्षी अपघात झाला आणि मोठा कॅनव्हास झेपेनासा झाला. तेव्हा त्यांनी लहान कागद घेतले आणि शाईने रेखाटनं केली. मोडलेल्या शरीराशी ते मनातल्या मनात किती भांडले असतील, ते मी कसं सांगणार? पण कागद लहान केला आणि काम चालू ठेवलं, एवढं तर डोळ्यांसमोर आहे. झेन विचार त्यांना जवळचा होता आणि शांततेविषयी ते फार मोलाचं बोलत. त्यांची शांतता मला समजली असं म्हणायचं धाडस नाही. लहान कागदाचं मात्र समजतं.

संध्याकाळी वॉशचा सराव केला. कागद तिरपा धरायचा, वरून भरल्या ब्रशने आडवी रेघ ओढायची, खाली जमलेलं पाणी पुढच्या रेघेत घ्यायचं. थांबलं की डाग पडतो. पाच वॉश बिघडले, सहावा बरा आला. रेल्वे लाइनवरून गाडीचा भोंगा आला तेव्हा कळलं, सात वाजून गेलेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. गॅलरीत पणत्या लावल्या. स्वतःच्याच हाताचं चित्र काढायला बसले आणि चिडचिड झाली. मनगटाची रेघ चार वेळा खोडली, कागदाचा वरचा पापुद्रा निघाला. तशा कागदात रंग शिरला की धब्बा होतो, मग काही करता येत नाही. ब्रश आपटला.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, चित्र काढून ताण उतरतो का, यावर संशोधन झालंय." अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ जणांना पाऊण तास चित्र, चिकणमाती, कोलाज, हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं कमी झालं. ज्यांना कलेची सवय होती आणि ज्यांना नव्हती, त्यांच्यात फरक आढळला नाही. हे शेवटचं वाक्य मी तिला पुन्हा वाचायला लावलं. 'सी' ग्रेडवालीला ते ऐकायचंच होतं.

पण राहिलेले पंचवीस टक्के? त्यांचं उतरलं नाही, काहींचं तर वाढलं. आज मी त्यांच्यात होते. रंगपेटी उघडली की मन निवतं असं जे सांगतात, त्यांनी बहुधा मनगट काढून पाहिलेलं नसतं. आजचा कागद फाडला नाही, तारीख घालून ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

सर म्हणाले, हात राहू द्या, आधी संत्रं काढा. बेसा रोडवर ठेले लागलेत, अंबिया बहाराचा माल. ठेलेवाला म्हणाला, "ताई, वरून हिरवं दिसून राहिलं, पण आतून गोड आहे. खाऊन तर पाहा." मी मुद्दाम चट्ट्यांचं निवडलं. तो दुसरी चांगली दाखवत होता. त्याला वाटलं मला पारख नाही.

डायनिंग टेबलवर खिडकीकडून उजेड येईल असं ठेवलं. इतकी वर्षं नागपुरात राहून मी संत्रं कधी पाहिलंच नव्हतं. देठाकडे त्याला आखूड मान असते, तिथे साल चुण्या पडून वर चढते. साल ढिली, आतल्या फोडींपासून सुटलेली, म्हणून एका बाजूला खोलगट बसते. अंगभर बारीक खड्डे. उजेडाच्या बाजूला प्रत्येक खड्ड्याची खालची कड चमकते, सावलीकडे खड्डे दिसेनासे होतात. आणि हिरवा चट्टा. मला वाटलं होतं त्याला ठाशीव कड असेल. जवळून पाहिलं तर हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून नारिंगी असा तो कुठे संपतो ते सांगता येत नाही. तो काढायला ओल्यावर ओला रंग सोडावा लागला. दोन थेंब एकमेकांकडे सरकले, मध्ये आपसूक तिसरा रंग झाला. त्या वेळी ब्रश उचलून नुसतं बसायचं असतं. मी बसले.

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरण खाली लागलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय करून राहिलीस गं इतक्या वेळची?" दोन तास झाले होते. त्या दोन तासांत काकूंचं ताट एकदाही आठवलं नाही. आठवलं नाही, हेसुद्धा नंतर आठवलं.

संत्रं नंतर सासूबाईंनी आणि मी अर्धं-अर्धं खाल्लं. गोड होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

या हातांचं मी काय काय केलं ते आज लिहून टाकते.

एका वैद्यांनी बावचीचं तेल दिलं होतं. लावून उन्हात बसायचं. मी मनीषनगरच्या गच्चीवर एप्रिलच्या उन्हात बसले, हाताला टरारून फोड आले. बावचीत सोरालेन असतं आणि त्याने कातडीला ऊन जास्त लागतं. डॉक्टरांच्या पूवा उपचारातही सोरालेन आणि अतिनील किरणच असतात, पण मोजूनमापून. हे नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं. शरीराची संरक्षण-यंत्रणा आपल्याच रंगपेशींवर उलटते, म्हणून कातडी पांढरी पडते. पापाचं, मासे खाऊन दूध प्यायल्याचं, त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

पूल व्हायच्या आधी, २०२० पर्यंत, इथल्या रेल्वे फाटकाशी रोज खोळंबा. स्कूटर बंद करून उभं राहायचं, हात हँडलवर, शेजारी दुसऱ्या गाड्या अगदी खेटून. लोक काही बोलत नाहीत, हात बघतात आणि मग चेहरा बघतात. म्हणून मला उन्हाळा आवडायचा. उन्हाळ्यात नागपुरातल्या सगळ्याच बायका दुपट्टा गुंडाळतात, हातमोजे घालतात. शेहेचाळीस डिग्रीत मी एकटीच खुश असायचे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' २००६ मध्ये आला. कोड असलेल्या मुलीवरचा मराठी सिनेमा. तेव्हा माझी कातडी एकरंगी होती. मी बघितला, हळहळले, विसरले. डाग आल्यावर पुन्हा बघायचा धीर झाला नाही. काल रात्री बघितला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता' संस्था आहे, कोड असलेली माणसं तिथे एकमेकांना भेटतात. मुलगी कधीची म्हणते, एकदा जाऊन ये. तिला आज हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कागद ताणून चारही बाजूंनी टेप लावली. डावा हात उपडा टेबलवर, बोटं किंचित फाकलेली.

आधी डागांच्या कडा टूबी पेन्सिलीने अगदी हलक्या काढल्या. चौदा वर्षांत त्यांचा आकार मी कधी नीट पाहिला नव्हता. अंगठ्याच्या बुडाशी एक लांबट आहे, मधे चिंचोळा. मधल्या बोटाच्या पेरावरचा जवळजवळ गोल, त्याच्या मध्यात तपकिरी ठिपके परत आलेत. त्वचेचा रंग केसांच्या मुळांपासून परततो तो असा. मनगटावरचा सगळ्यात मोठा, त्याची कड समुद्राकाठासारखी कातरलेली.

मग ऑकर, सिएना, क्रिमझन. पहिला वॉश डागांच्या कडेकडेने नेला, आत जाऊ दिला नाही. हात थरथरला तिथे थोडा गेला, टिपकागदाने टिपला. दुसरा वॉश सुकल्यावर. बोटांमधल्या सावल्यांत अल्ट्रामरीन. शिरांवर नुसती निळसर छटा. डागांना काही केलं नाही. तो कागदच आहे. खिडकीतून ऊन सरकत आलं तसे ते डाग चित्रातली सगळ्यात उजळ जागा झाले, आणि बाकीचा हात त्यांच्यामुळे गोलाईत उठून आला.

सासूबाई चष्मा लावून आल्या. बराच वेळ बघितलं. अंगठ्याजवळ बोट नेऊन म्हणाल्या, "इथं रंगवायचं राहिलं का?"

"नाही आई, ते तसंच आहे."

त्यांनी माझा टेबलवरचा हात उचलून चित्राशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "हो गं. बरोबर आहे," म्हणाल्या. "पण करंगळी लांब झाली." खरंच झाली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरांनाही करंगळीच दिसली. म्हणाले, आता उजवा काढा.

उजव्यावर डाग जास्त आहेत. आणि तो टेबलवर ठेवला की ब्रश डाव्या हातात धरावा लागणार. रात्री रद्दीवर डाव्याने रेघा ओढून पाहिल्या. सगळ्या खाली घसरतात. कागद ताणून ठेवलाय. मोठा नाही घेतला, अर्धा कापून घेतला.