हट्टी नाही, दमलाय तो! बुलडॉगच्या पिल्लाला शिकवताना

बुलडॉगचं पिल्लू घरी आलं की दोन वाक्यं तुम्हाला हमखास ऐकू येतात. 'किती गोड आहे!' आणि 'ही जात फार हट्टी, काही शिकत नाही.' पहिलं शंभर टक्के खरं. दुसऱ्याबद्दल मात्र थोडं बोलूया.

आम्ही इंदूरला राहतो. आमचा गोटू चार महिन्यांचा होता, तेव्हा फिरायला नेलं की थोड्याच वेळात रस्त्यात फतकल मारायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "ओढा त्याला, नाहीतर डोक्यावर बसेल." आजी म्हणाली, "अगं, हट्ट नाही करत तो. श्वास बघ त्याचा."

बुलडॉगचं नाक चपटं आणि श्वासाची वाट अरुंद. कुत्री धापा टाकून अंग थंड करतात, पण याला तेच नीट जमत नाही. म्हणून फिरणं पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, तेही थोडंच. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधण्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरा. तो मधेच बसला, तर ओढू नका, सावली आणि पाणी द्या. घरघर वाढली, जीभ निळसर दिसली किंवा पाय डळमळले, तर अंगावर गार पाणी घालून लगेच डॉक्टरकडे न्या.

आता रोजची शिकवणी.

शी-शू: दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासच थांबू शकतं. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर रोज एकाच जागी न्या. काम झालं की तिथेच शाबासकी द्या. घरात केलं तर ओरडू नका, वास पूर्ण जाईल असं पुसून घ्या.

'बस': खाऊचा तुकडा नाकासमोरून हळूच डोक्याच्या वर न्या. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. त्याच क्षणी 'बस' म्हणा आणि खाऊ द्या. एका वेळी पाच मिनिटं पुरेत, दिवसातून दोन-तीनदा.

खाऊ: तो रोजच्या जेवणातूनच वजा करा. वजन वाढलं की श्वास आणखी अवघड होतो. गाजराचे बारीक तुकडे चालतात. चॉकलेट, द्राक्षं, कांदा कधीच नाही.

चावणं: तीन ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात. हात चावला की खेळ थांबवा आणि चावायचं खेळणं पुढे करा.

भीती: सगळ्या लसी होईपर्यंत कडेवर घेऊन बाहेर न्या. स्कूटर, मुलांचा गोंगाट, घरात कुकरची शिट्टी, सगळ्याची हळूहळू ओळख होऊ द्या.

एक गंमत सांगते. आमच्याकडे आजी 'बस' म्हणायची, बाबा 'बैठो' आणि भाऊ 'सिट'. गोटू तिघांकडे बघत उभाच! सगळ्यांनी 'बस' म्हणायचं ठरवलं आणि आठवड्याभरात तो बसायला लागला.

तेव्हा आज एक करा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून पाच शब्द ठरवा आणि ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आधी आपण शिकायचं, मग पिल्लू शिकतंच!