ठिबक लावा, पाट सोडू नका

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली. येत्या १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या लिक्विडवर कर लागणार आहे. या दोन तारखांच्या मध्ये आपल्या स्लाउ-हाउन्स्लोकडची बरीच मराठी पोरं अडकली आहेत. कोणी केअर होममध्ये, कोणी विमानतळाच्या गोदामात, बहुतेक रात्रपाळीला. त्यांच्यासाठी ही लांबलचक पोस्ट. ज्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही त्यांनी इथेच थांबावं. व्हेप हा छंद म्हणून सुरू करायचा प्रकार नाही. हे फक्त सिगारेट सोडणाऱ्यांसाठी आणि सोडून पुन्हा पकडायच्या बेतात असलेल्यांसाठी आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. वीस वर्षं सिगारेट ओढली आणि २०१६ मध्ये व्हेपच्या आधाराने सोडली. इथली सरकारी आरोग्यसेवा म्हणते की निकोटीनचा व्हेप निरुपद्रवी नाही, पण सिगारेटपेक्षा त्याचा अपाय बराच कमी आहे. २०२३ मध्ये तर इंग्लंडच्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा संच देण्याची योजना जाहीर केली होती. म्हणजे इथे ही वस्तू शिडी म्हणून बघितली जाते. शिडीवर घर करून राहायचं नसतं हे खरं, पण अर्ध्यात असताना ती काढून घेणं त्याहून वाईट.

फेकायच्या व्हेपवरची बंदी मला मान्य आहे. २०२३ मध्ये या देशात दर आठवड्याला सुमारे ५० लाख असे व्हेप कचऱ्यात जात होते. प्रत्येकात लिथियमची बॅटरी, परत चार्ज होऊ शकणारी, तरी एकदाच वापरलेली. कचऱ्याच्या गाड्यांना त्यामुळे आगी लागत होत्या. शाळकरी पोरांच्या दप्तरात ते रंगीत तुकडे सापडत होते ते वेगळंच. बंदी यायलाच हवी होती.

पण त्यानंतर काउंटरवर काय आलं? तोच आकार, तेच रंग, तीच चव, फक्त खाली चार्जिंगचं भोक आणि आत बदलता येणारा पॉड. कायद्याच्या भाषेत ही वस्तू पुन्हा वापरता येण्याजोगी. प्रत्यक्षात लोक संपला की तोही फेकतात, कारण पॉड बदलायला गेलं तर दुकानात तो रंग शिल्लक नसतो. वस्तू बदलली, सवय तीच राहिली.

आमच्या शेजारी भाड्याने राहणारा एक पोरगा आहे, केअर होममध्ये काम करतो, दर महिन्याला गावी पैसे पाठवतो. तो दिवसाला एक फेकायचा व्हेप संपवायचा. बंदीनंतर दोन-चार नवे प्रकार आणून बघितले, जमलं नाही, आणि एक दिवस अंगणात तंबाखूचं पाकीट घेऊन कागदात वळत बसलेला दिसला. म्हणाला, "दादा, वीस सिगारेटींना सोळा पौंड जातात, ते परवडत नाही. हे त्यातल्या त्यात बरं." तीन वर्षं सिगारेटपासून लांब राहिलेला माणूस खिशापायी धुराकडे परत गेला होता. मग त्यानेच विचारलं, "ते तुमचं ड्रिपर केवढ्याला येतं?"

ड्रिपर म्हणजे काय ते आधी सांगतो. त्याचं पूर्ण नाव रिबिल्डेबल ड्रिपिंग अॅटोमायझर, आरडीए. एक बाटलीच्या बुचाएवढी वाटी, तिला डेक म्हणतात. त्यावर खांब, खांबांत आवळलेलं तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, आणि वेटोळ्यातून ओवलेला कापूस. वरून टोपी आणि ओठाला लावायची छोटी नळी. खाली बॅटरीचा डबा, त्याला मॉड म्हणतात. कापसावर चार-पाच थेंब लिक्विड टाकायचं, बटण दाबायचं, तार तापते, वाफ होते. टाकी नाही, पॉड नाही. कॉइल खराब झाली की नवी तार वळायची, कापूस बदलायचा, बस. दहा मीटर तारेचं रीळ काही पौंडांत येतं आणि एका कॉइलला वाया जाणारं धरूनही दहा सेंटिमीटर पुरते. म्हणजे एका रिळात शंभर कॉइल. फेकायला उरतं काय, तर चिमूटभर कापूस आणि बोटभर तार. पुन्हा वापरता येण्याजोगं म्हणावं ते हे.

आमच्याकडे उसाला पाट सोडून पाणी द्यायची रीत. ठिबक आलं तेव्हा जुनी माणसं म्हणायची, एवढ्याशा पाण्यात ऊस जगतो होय? मुळाशी पडलं की जगतो. ड्रिपरचं तसंच आहे. गंमत अशी की बाजारातले पुष्कळ ड्रिपर नावाला ठिबक असतात आणि काम पाटाचं करतात. दोन जाड कॉइल, भलीमोठी हवेची भोकं, खोलीभर ढग. दिवसाला सहा-सात मिलिलिटर लिक्विड सहज पितात. आजवर हा शौकाचा मामला होता. ऑक्टोबरपासून तो थेट खिशाला लागणार आहे.

कराचा हिशेब नीट बघा. दर १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स, लिक्विडमध्ये निकोटीन असो वा नसो. त्यावर व्हॅट वेगळा. दिवसाला ७ मिलिलिटर पिणाऱ्याचे महिन्याला २१० मिलिलिटर होतात, म्हणजे ४६ पौंडांवर नुसता कर. दिवसाला २ मिलिलिटरवर भागवणाऱ्याचे ६० मिलिलिटर, कर १३ पौंड २० पेन्स. दोघांचे ड्रिपर एकाच किमतीचे असू शकतात. म्हणून पहिला ड्रिपर घेताना "स्वस्त कोणता" याचा अर्थ "कमी पिणारा कोणता" असाच लावा.

शेजारच्या पोराला घेऊन दिला तेव्हा मी काय काय बघितलं ते सांगतो.

एक, कॉइल एकच. एका कॉइलसाठी बनवलेला, २२ मिलिमीटर व्यासाचा, आतली पोकळी लहान असलेला ड्रिपर घ्या. जागा लहान तितकी चव दाट, आणि थोड्या वाफेत तलफ भागते. ऊमिअर कंपनीचा वास्प नॅनो हा अशा साध्या ड्रिपरचा ओळखीचा नमुना. हेलव्हेपच्या डेड रॅबिटचं नाव मोठं, पण तो मुळात दोन कॉइलचा २४ मिलिमीटरचा ड्रिपर. आपल्या कामाला पहिला म्हणून नको.

दोन, हवेची भोकं बाजूला आणि जरा वरच्या अंगाला हवीत, आणि फिरवून कमी-जास्त करता यायला हवीत. खालून हवा येणाऱ्यात थेंब जास्त पडले की गळती होते. सिगारेटची सवय असलेल्याला घट्ट ओढच बरी वाटते.

तीन, तार आवळायचे स्क्रू मोठे, भोकं रुंद, आणि डब्यात जादा स्क्रू. नवख्याचा निम्मा वैताग तार भोकात बसवण्यात जातो. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला सुईत दोरा ओवायला लावू नये.

चार, वाटी जरा खोल हवी. कापसाची टोकं तिच्यात बसतात आणि दर दोन झुरक्यांनी थेंब टाकावे लागत नाहीत.

एवढं सगळं १४ पौंडांत मिळालं. त्याहून महागड्यात मिळतं ते बहुधा रूप आणि नाव. मॉड मी त्याला माझा जुना दिला. तुमच्याकडे मॉड नसेल तर ड्रिपरपेक्षा मॉड, सेल आणि चार्जर यांना जास्त पैसे लागतील, आणि तिथे काटकसर करू नका.

आता सुरक्षेचं. हे वाचल्याशिवाय तारेला हात लावू नका. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे कामाला येतो. भरलेला १८६५० सेल ४.२ व्होल्ट देतो. २६ गेजची कँथल तार ३ मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे वळली की रोध ०.८ ओहमच्या आसपास येतो. ४.२ भागिले ०.८ म्हणजे सव्वापाच अँपिअर, सेल आरामात देतो. तोच रोध ०.२ केला तर २१ अँपिअर, आणि अनेक सेलची सतत द्यायची क्षमता २० किंवा त्याहून कमीच असते. ढगांच्या नादात लोक तिकडे जातात. आपण जायचं नाही. शॉर्ट सर्किट झाल्यावर स्वतः बंद होणारा, रोध दाखवणारा नियंत्रित मॉडच वापरायचा. नुसती नळी आणि बटण असलेला मेकॅनिकल मॉड फुकट मिळाला तरी नको. सेल खात्रीच्या विक्रेत्याकडून, त्याचं प्लास्टिकचं वेष्टण अखंड, आणि खिशात किल्ल्यांबरोबर मोकळा कधीही नाही.

दुसरं, पॉडमधलं २० मिलिग्रॅमचं लिक्विड ड्रिपरमध्ये ओतू नका. वाफ जास्त निघते, डोकं गरगरतं, मळमळतं. घट्ट ओढीला ६ मिलिग्रॅम, मोकळ्या ओढीला ३ मिलिग्रॅम पुरतं. बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवा. निकोटीन पोटात जाणं म्हणजे विषबाधा.

आणि मर्यादाही सांगतो. ड्रिपर धीराचं काम आहे. गाडी चालवताना थेंब टाकायचे नाहीत, आणि कामावर दहा मिनिटांच्या सुट्टीत बाटली काढून बसणं जमत नाही. तो पोरगा घरी ड्रिपर वापरतो आणि कामावर भरता येणारा साधा पॉड. गेल्या ऑगस्टपासून तंबाखूचं पाकीट घरात आलेलं नाही. ज्यांना एवढीही खटपट नको त्यांनी परिसरातल्या मोफत धूम्रपानमुक्ती सेवेकडे जावं. तिथे निकोटीनच्या पट्ट्या आणि सल्ला दोन्ही मिळतं. सगळं सोडून देणं हाच शेवटी सर्वांत स्वस्त मार्ग.

गावाकडून निरोप येतात, "येताना एक घेऊन ये." स्पष्ट सांगतो, आणणार नाही, तुम्हीही नेऊ नका. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुट्टीला मुंबईत उतरताना बॅग तपासून घ्या. तिकडे सिगारेट आणि बिडी टपरीवर उघड मिळते आणि ही वस्तू बंद, यावर वाद घालायचा तर जरूर घालू, पण विमानतळाच्या कस्टमच्या काउंटरवर नाही.

शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खुपतो. मार्च २०२४ मध्ये या कराचा पहिला प्रस्ताव आला तेव्हा तीन पायऱ्या होत्या. निकोटीन नसलेल्याला १ पौंड, मधल्याला २, तीव्र असलेल्याला ३. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो सरसकट २ पौंड २० पेन्स झाला. वसुलीला सोपं, हे मान्य. पण बघा काय होतं. २० मिलिग्रॅमची १० मिलिलिटरची बाटली, निकोटीन २०० मिलिग्रॅम, कर २ पौंड २० पेन्स. ३ मिलिग्रॅमचं ६० मिलिलिटर लिक्विड, निकोटीन १८०, कर १३ पौंड २० पेन्स. जो माणूस पायरी पायरीने निकोटीन उतरवत ३ वर आला, त्याच्यावर सहापट कर. शाळकरी पोरांना भुरळ घालणारा तीव्र पॉड मात्र त्या मानाने स्वस्तात सुटला. सिगारेटवरचा कर त्याच दिवशी दर शंभर कांड्यांना २ पौंड २० पेन्सने वाढणार आहे, हे योग्यच. पण शिडी उतरणाऱ्याच्या वाट्याला शिक्षा येऊ नये.

ड्रिपर कोणता घ्यावा हे मी सांगू शकतो. कर कसा असावा हे खासदाराला सांगावं लागतं, आणि ते काम आपलं आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या आपल्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. मतदार यादीत नाव नसेल तर आधी ते घाला, मग आपल्या खासदाराला चार ओळी लिहा: कर मिलिलिटरवर नको, निकोटीनवर लावा. मी माझं पत्र पाठवलं आहे. मसुदा हवा असेल तर मागा, देतो. आणि कॉइल वळायला शिकायची असेल तर रविवारी दुपारी घरी या. तार माझ्याकडे भरपूर आहे.