आजीची लय आणि माझं ग्रिड

गेले तीन शनिवार एका कॅसेटपायी गेले. आजी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या आवाजाची ही एकच कॅसेट घरात उरलीये. गुरुवारच्या भजनातला एक अभंग, फक्त आवाज आणि झांज. तबला नाही, कारण तबल्यावर बाबा असायचे आणि त्या गुरुवारी त्यांची सेकंड शिफ्ट होती.

बाबांच्या साठीला यावर तबला चढवून द्यायचा असं ठरवलं. म्हटलं, इंजिनियर आहोत, एवढं तर जमेल!

रीपर उघडलं. नवीन प्रोजेक्ट 120 च्या टेम्पोला उघडतं. तो कानाने 80 वर आणला आणि तबल्याच्या सँपल्सनी भजनी ठेका लावला. पहिल्या दोन ओळी झकास. चौथ्या ओळीला आजी पुढे आणि तबला मागे! भजन रंगलं की लय चढणारच, पण हे क्लिकला कोण सांगणार? मग मी हुशारी केली. सूर तोच ठेवून आवाज लांबवता-आखडता येतो. आजीचे तुकडे पाडून ते ग्रिडवर बसवले. एकदम परफेक्ट.

राहवेना म्हणून बाबांना आधीच ऐकवलं. ते म्हणाले, "आवाज आईचाच आहे रे. पण शेवटच्या चरणाआधी ती थांबायची. वहीचं पान उलटायची. ते कुठं गेलं?"

ते मी कापलं होतं. चूक समजून.

पुढच्या शनिवारी सगळं उलटं केलं. मूळ रेकॉर्डिंग परत आणलं आणि त्याचा टाइमबेस 'टाइम' केला. म्हणजे टेम्पो कितीही बदलला तरी आवाज जागचा हलत नाही. बाबा शेजारी बसून मांडीवर ठेका धरायचे, आणि सम आली की मी तिथे टेम्पो मार्कर टाकायचो. गणित सोपं आहे. आठ मात्रा 6 सेकंदांत झाल्या तर टेम्पो 80, 5 सेकंदांत झाल्या तर 96. टेम्पो एकदम बदलला की तबला ठेचकाळल्यासारखा वाटतो. त्यासाठी दोन मार्करमध्ये तो हळूहळू बदलण्याची सोय आहे. फक्त ती वापरली की पुढची सम सरकते, ती पुन्हा जुळवून घ्यायची.

पान उलटतानाचं आवर्तन 12 सेकंदांचं निघालं, म्हणजे टेम्पो 40. तिथे ठेका अगदीच रडका वाटत होता. बाबा म्हणाले, "तिथं मी वाजवायचोच नाही. हात उचलून वाट बघायचो."

असो. तुमच्याकडे अशी एखादी कॅसेट असेल, तर गाणाऱ्याला ग्रिडवर बसवू नका, ग्रिडला त्याच्या मागे जाऊ द्या. वेळ जास्त लागतो, पण माणूस शिल्लक राहतो.

ते एक आवर्तन मी रिकामं ठेवलंय. नीट ऐकलं तर पानाचा आवाज येतो.